डॉक्टर स्क्रीनवर, पण पेशंटजवळ कोण? टेलिहेल्थसाठी नर्सना नेमकं काय शिकावं लागतं?

"कसं वाटतंय आजी?" स्क्रीनवरच्या डॉक्टरांनी विचारलं.

"बरं हाय की," आजी म्हणाली.

माझी आजी डॉक्टरांना कधीच 'बरं नाही' असं सांगत नाही. एवढ्या मोठ्या माणसाला कशाला त्रास द्यायचा, हा तिचा हिशेब. तालुक्याच्या हॉस्पिटलात त्या दिवशी फिजिशियन नव्हते, म्हणून शहरातल्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला होता. मोबाइल मी धरला होता. आजीचा चेहरा स्क्रीनवर नीट दिसत होता, ती हसतही होती. कॉल दोन मिनिटांत संपला असता.

तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या सिस्टर पुढे आल्या. "सर, या एक वाक्य सलग बोलू शकत नाहीयेत. पूर्ण मिनिट मोजलं, श्वास ३२ आहे. सॅच्युरेशन ९१. बोटं गार होती म्हणून हात चोळून परत घेतलं, तेवढंच आलं. दोन्ही पायांवर सूज आहे, दाबलं की खळगा पडतोय."

डॉक्टरांचा आवाज एकदम बदलला. त्याच संध्याकाळी आजीला ॲम्ब्युलन्सने शहरात हलवलं. हृदयाचं काम मंदावल्यामुळे तिच्या फुफ्फुसात पाणी साठायला लागलं होतं. आज आजी घरी आहे आणि मीठ कमी घालतात म्हणून सगळ्यांवर चिडते आहे.

त्या कॉलमध्ये कॅमेरा होता, नेटवर्क होतं, डॉक्टर होते. पण आजार पकडला तो सिस्टरांनी. त्यांनी काय केलं? मोजलं, खात्री केली, दाबून पाहिलं आणि चार वाक्यांत सांगितलं. ऐकायला सोपं वाटतं, पण हे आपोआप येत नाही. ते शिकावं लागतं आणि शिकवावंही लागतं.

टेलिहेल्थबद्दल आपण बोलतो तेव्हा ॲप, इंटरनेट आणि डॉक्टर यांच्याबद्दल बोलतो. पेशंटजवळ उभ्या असलेल्या नर्सला यासाठी काय यायला हवं, हा प्रश्न मात्र मागे राहतो. तोच आज समजून घेऊया.

आधी बेसिक: टेलिहेल्थ म्हणजे काय?

डॉक्टर एका ठिकाणी आणि पेशंट दुसऱ्या ठिकाणी असताना फोन, व्हिडिओ किंवा मेसेजवरून तपासणी आणि सल्ला देणं म्हणजे टेलिमेडिसिन. टेलिहेल्थ हा त्याहून मोठा शब्द आहे. त्यात पेशंटला आहार-औषधं समजावणं, घरी असलेल्या पेशंटच्या बीपी-शुगरवर लक्ष ठेवणं, समुपदेशन आणि कर्मचाऱ्यांचं ट्रेनिंग हे सगळं येतं.

भारतात याचं सर्वात मोठं उदाहरण म्हणजे केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' सेवा. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने ती तयार केली. तिचे दोन भाग आहेत. पहिला नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. यात पेशंट जवळच्या आरोग्य केंद्रात जातो आणि तिथला आरोग्य कर्मचारी त्याला दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतो. दुसरा भाग लॉकडाउनमध्ये, एप्रिल २०२० मध्ये आला. यात पेशंट घरूनच थेट डॉक्टरांशी बोलतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-संजीवनीने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला.

या दोन भागांतला फरक लक्षात ठेवा. दुसऱ्या भागात पेशंट एकटा असतो. पहिल्या भागात पेशंटजवळ एक प्रशिक्षित माणूस असतो. त्या माणसाचं प्रशिक्षण किती चांगलं, यावर त्या कॉलचा दर्जा ठरतो.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. ब्रिटनमध्ये १९९८ साली 'एनएचएस डायरेक्ट' नावाची फोनसेवा सुरू झाली. लोक फोन करायचे आणि पलीकडे नर्स असायच्या. घरी थांबायचं, डॉक्टरकडे जायचं की ॲम्ब्युलन्स बोलवायची, हे त्या प्रश्न विचारून ठरवायच्या.

अमेरिकेत २००० साली व्हर्जिनिया राज्यातल्या सेंटारा या हॉस्पिटल समूहाने टेलि-आयसीयू सुरू केलं. एका खोलीत बसलेले तज्ज्ञ डॉक्टर आणि अनुभवी नर्स वेगवेगळ्या आयसीयूंमधल्या पेशंटच्या मॉनिटरवर लक्ष ठेवू लागले. इथे नर्स दोन्ही टोकांना होत्या, पेशंटच्या उशाशीही आणि स्क्रीनसमोरही.

म्हणजे टेलिहेल्थ हे फक्त डॉक्टरांचं काम कधीच नव्हतं.

भारतातले नियम नर्सबद्दल काय सांगतात?

२५ मार्च २०२० ला भारतात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. मेडिकल कौन्सिलच्या जागी तेव्हा काम पाहणाऱ्या बोर्ड ऑफ गव्हर्नर्सने नीती आयोगाच्या मदतीने ती तयार केली होती.

त्यात 'आरोग्य कर्मचारी ते डॉक्टर' असा सल्ल्याचा एक वेगळा प्रकार दिलेला आहे. आरोग्य कर्मचारी म्हणजे नर्स, एएनएम किंवा नेमून दिलेली अशीच दुसरी व्यक्ती. त्यांनी काय करायचं हेही लिहिलेलं आहे. टेलि-सल्ल्याचा उपयोग आणि त्याच्या मर्यादा पेशंटला समजावून सांगायच्या. पेशंटची ओळख पक्की करायची. त्याला तपासून जे दिसलं ते डॉक्टरांना सांगायचं. डॉक्टरांनी दिलेले उपचार पेशंटला समजावायचे. इमर्जन्सी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रथमोपचार करायचे आणि पेशंटला पुढे पाठवायची सोय करायची.

याच कागदपत्रात ऑनलाइन सल्ला देणाऱ्या डॉक्टरांसाठी एक ऑनलाइन कोर्स सक्तीचा असेल, असं म्हटलं आहे. ही अट डॉक्टरांसाठी आहे. नर्सच्या वाट्याला कामांची यादी आली, पण ती कामं शिकण्याची तशी अट आली नाही. मग शिकवायचं किती आणि कसं, हे बरंचसं त्या त्या हॉस्पिटलवर आणि योजनेवर सोडलं जातं.

ॲप चालवता आलं की झालं ट्रेनिंग?

अनेकदा ट्रेनिंगचा अर्थ एवढाच घेतला जातो: लॉगिन कसं करायचं, पेशंटची नोंद कुठे टाकायची, कॉल कसा लावायचा, प्रिस्क्रिप्शनची प्रिंट कशी काढायची. हे आवश्यक आहेच. पण आजीच्या कॉलमध्ये सिस्टरांनी जे केलं त्यातलं काहीही ॲपमध्ये नव्हतं. चांगल्या ट्रेनिंगमध्ये काय असायला हवं, ते एकेक करून बघूया.

१. खोली, उजेड आणि आवाज

ट्यूबलाइट पेशंटच्या डोक्यामागे असेल तर स्क्रीनवर चेहऱ्याच्या जागी काळी सावली दिसते. पिवळ्या बल्बखाली कावीळ ओळखणं अवघड असतं. डोळ्यांचा पिवळेपणा दिवसाच्या उजेडात चांगला कळतो. पंखा घरघर करत असेल तर धाप ऐकू येत नाही. म्हणून पेशंटला खिडकीकडे तोंड करून बसवणं, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवणं, जखम दाखवताना शेजारी मोजपट्टी धरणं हे शिकवावं लागतं. पाच मिनिटांची गोष्ट आहे, पण कुणी सांगितलं नाही तर सुचत नाही.

२. आकडे बरोबर घेणं

तुम्ही म्हणाल, बीपी घेणं नर्सला काय शिकवायचं? पण डॉक्टर समोर असले तर संशयास्पद आकडा आल्यावर ते स्वतः परत मोजतात. स्क्रीनवरचे डॉक्टर ते करू शकत नाहीत. नर्सने दिलेला आकडा हाच त्यांच्यासाठी पेशंट असतो.

बीपीचा पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल तर बीपी जास्त दिसतं. पेशंट बोलत असेल, पाय लटकत असतील, हात हृदयापेक्षा खाली असेल किंवा लघवीला लागलेली असेल तरीही आकडा वाढतो. पाच मिनिटं शांत बसवून मग मोजायचं, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. ओपीडीच्या गर्दीत तोच सर्वात आधी मोडतो.

ऑक्सिमीटरचंही तसंच. गार बोटं, नेलपॉलिश, हलणारा हात यांमुळे आकडा चुकतो. त्वचेच्या रंगाचाही फरक पडतो. डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के होतं आणि गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के. हा अभ्यास भारतातला नाही. पण सावळ्या-काळ्या त्वचेच्या देशात मशीनवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, एवढा धडा त्यातून घेता येतो. आकडा चांगला आणि पेशंट बेचैन दिसत असेल, तर पेशंटवर विश्वास ठेवायचा.

सर्वात दुर्लक्षित आकडा म्हणजे श्वास. मोठ्या माणसाचा श्वास शांत बसल्यावर मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. तो मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही, फक्त घड्याळ आणि एक पूर्ण मिनिट लागतं. घाईत तो एक मिनिट कुणाकडे नसतो आणि केसपेपरवर अंदाजे आकडा पडतो. आजीचा श्वास त्या सिस्टरांनी खरोखर मोजला होता.

३. डॉक्टरांचे हात होणं

कॅमेऱ्याला स्पर्श नसतो. पोट मऊ आहे की कडक, कातडी गरम आहे की घामाने गार, सूज दाबल्यावर खळगा पडतो की नाही, हे स्क्रीनवरून कळत नाही. काही ठिकाणी डिजिटल स्टेथोस्कोप असतो, त्यातून छातीचा आवाज डॉक्टरांपर्यंत पोचतो. पण तो छातीवर नेमका कुठे ठेवायचा, हे नर्सलाच ठाऊक असावं लागतं.

'उजव्या बाजूला बरगडीखाली हलकं दाबा, पेशंटच्या चेहऱ्याकडे बघा, काय दिसतं ते सांगा' अशा सूचना ऐकून तपासणी करणं, हे वेगळं कौशल्य आहे. त्याचा सराव लागतो. सूचना कळली नाही तर 'परत सांगा' म्हणायची सवयही लागते.

४. थोडक्यात आणि क्रमाने सांगणं

डॉक्टरांकडे वेळ कमी असतो आणि नेटवर्क कधीही जाऊ शकतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात महत्त्वाचं सांगून झालं पाहिजे. यासाठी जगभर एक सोपी पद्धत शिकवतात, तिचं नाव 'एसबार'. तिचं मूळ अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमध्ये आहे. नंतर कोलोरॅडोतल्या कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेने ती हॉस्पिटलांत आणली. चार पायऱ्या आहेत: परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज आणि मागणी.

समजा, रात्रीची वेळ आहे. ग्रामीण रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी डिलिव्हरीत अडकलेत. एक पेशंट येते. सिस्टर जिल्ह्याच्या डॉक्टरांना कॉल लावतात.

परिस्थिती: "सर, ५८ वर्षांच्या बाई आहेत. अर्ध्या तासापासून जीव घाबरतोय आणि दरदरून घाम येतोय."

पार्श्वभूमी: "१० वर्षांपासून डायबेटिस आहे, बीपीची गोळी चालू आहे."

अंदाज: "नाडी ११२, बीपी १०० बाय ६०. शुगर १६४, म्हणजे शुगर कमी झालेली नाही. छातीत दुखत नाही म्हणतात, पण मला हृदयाची शंका येतेय. ईसीजी काढलाय."

मागणी: "ईसीजी पाठवलाय, आत्ता बघा. १०८ ला फोन करायला सांगितलंय. तोपर्यंत काय देऊ?"

हेच क्रम सोडून सांगितलं तर? "सर, एक बाई आल्यात, त्यांना कसंतरी होतंय, शुगर पण आहे त्यांना, काल लग्नाला गेल्या होत्या..." यात खोटं काही नाही. फक्त हार्ट अटॅकची शंका लग्नाच्या जेवणाखाली दबून जाते.

या पद्धतीतला सगळ्यात अवघड भाग म्हणजे 'अंदाज'. आपल्याकडे नर्सने स्वतःचं मत मांडणं म्हणजे आगाऊपणा, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलंय. टेलिहेल्थमध्ये ही सवय धोकादायक ठरते. पेशंटला प्रत्यक्ष पाहणारी एकमेव प्रशिक्षित व्यक्ती गप्प राहिली, तर डॉक्टर अर्धवट माहितीवर निर्णय घेतात.

५. पेशंटची भाषा डॉक्टरांपर्यंत पोचवणं

'जीव घाबरतोय' याचा अर्थ काय? भीती वाटतेय, धडधडतंय, शुगर कमी झालीये की हार्ट अटॅक आहे? डायबेटिस असलेल्यांमध्ये आणि बायकांमध्ये हार्ट अटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा आहे. 'पोटात कालवतंय', 'अंगात कणकण आहे', 'डोकं जड झालंय', 'हातापायाला मुंग्या येतात' या प्रत्येकामागे पाच-सहा शक्यता असतात. पुढचे दोन प्रश्न विचारून त्या कमी करायच्या, हे नर्सचं काम.

मेळघाटात पेशंट कोरकू बोलतो, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, नंदुरबारला पावरी किंवा भिली. तिथे नर्स किंवा आशाताई दुभाषीही होतात. भाषांतर करताना आपल्या मनाचं घालायचं नाही, पेशंट जे म्हणाला ते आधी सांगायचं आणि आपलं मत नंतर वेगळं सांगायचं, हेही शिकवण्याचीच गोष्ट आहे.

६. कुठे थांबायचं ते ओळखणं

प्रत्येक पेशंट व्हिडिओ कॉलवर तपासण्यासारखा नसतो. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळायला लागलं, तर ती पॅरालिसिसची, म्हणजे स्ट्रोकची लक्षणं असतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. इथे कॉल लागायची वाट बघत बसणं म्हणजे मेंदूचं नुकसान वाढू देणं. आधी गाडीची सोय, कॉल त्याच वेळी. आणि नातेवाइकांना पहिला प्रश्न: 'शेवटचं ठीक कधी पाहिलं?' कारण घड्याळ तिथून सुरू होतं.

म्हणून प्रत्येक नर्सला ही यादी पाठ असायला हवी: कुठल्या लक्षणाला कॉल पुरतो, कुठल्या लक्षणाला डॉक्टरांनी प्रत्यक्षच बघायला हवं, आणि कॉल मध्येच तुटला तर पुढचा नंबर कुणाचा.

७. संमती आणि खासगीपणा

नियमांनुसार पेशंटने स्वतः कॉल केला असेल तर त्याची संमती गृहीत धरली जाते. कॉल आरोग्य कर्मचाऱ्याने लावला असेल तर पेशंटला स्पष्ट विचारावं लागतं. हॉस्पिटलातले बहुतेक कॉल दुसऱ्या प्रकारचे असतात.

खासगीपणा त्याहून अवघड. वॉर्डात मध्यभागी उभं राहून स्पीकरवर बाईला पाळीबद्दल विचारलं तर ती खरं सांगणार नाही. जखमेचा फोटो नर्सच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये काढला, तर तो गॅलरीत राहतो आणि तिथून कुठेही जाऊ शकतो. २०२३ मध्ये देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण नर्सला हॉस्पिटलने वेगळं उपकरण दिलंच नाही, तर ती स्वतःचा फोनच वापरणार. हा दोष नर्सच्या माथी मारता येत नाही.

८. कॉल संपल्यानंतरचं काम

डॉक्टर म्हणाले, 'सकाळी एक, रात्री अर्धी.' पेशंटने मान डोलावली. त्याला कळलं का? मान डोलावणं म्हणजे कळणं नव्हे. म्हणून नर्सने विचारायचं, "घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार, मला सांगा बरं." पेशंटने स्वतःच्या शब्दांत सांगितलं की चूक तिथेच सापडते. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं औषध आणि डोस नर्सनेही परत म्हणून दाखवायचा, म्हणजे ऐकण्यातली चूक टळते.

काही मर्यादाही माहीत हव्यात. शेड्यूल एक्समधली औषधं आणि मॉर्फिनसारखी मादक द्रव्यं टेलि-सल्ल्यावर लिहून देता येत नाहीत. आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नर्सने स्वतःहून प्रिस्क्रिप्शन बदलायचं नसतं, पेशंटने कितीही आग्रह केला तरी.

हे शिकवायचं कसं?

हॉलमध्ये ८० नर्सना बसवून दोन तास स्लाइड दाखवल्या की प्रमाणपत्र मिळतं, कौशल्य मिळत नाही. वर सांगितलेल्या गोष्टी करूनच येतात.

चांगली पद्धत साधी आहे. दोन नर्स, एक टॅबलेट आणि पलीकडच्या खोलीत एक डॉक्टर. एक नर्स पेशंट बनते आणि तिला एका चिठ्ठीवर लक्षणं लिहून देतात. दुसरी कॉल चालवते. मध्येच मुद्दाम नेट बंद करायचं. मध्येच नातेवाईक भांडायला लागतो. मध्येच पेशंट म्हणतो, 'मला व्हिडिओ नको.' नंतर सगळे मिळून काय चुकलं ते बोलतात. इथे चूक झाली तर कुणाचा जीव जात नाही, म्हणून चुका इथेच व्हायला हव्यात.

डॉक्टरांनाही या सरावात बसवणं गरजेचं आहे. नर्सला बोलायला शिकवलं आणि डॉक्टरांनी 'तुमचं मत विचारलं नाही' म्हटलं, तर पुढच्या वेळी ती बोलणार नाही. ऐकणं हाही ट्रेनिंगचाच भाग आहे.

प्रत्येक वॉर्डात एक-दोन जणींना जास्त शिकवून ठेवलं, तर बाकीच्यांना अडलं की विचारायला जवळचं माणूस मिळतं. रात्रपाळीला तांत्रिक मदतीच्या हेल्पलाइनपेक्षा शेजारच्या वॉर्डातली मैत्रीण लवकर येते.

कॉलेजात शिकवतात का?

आता शिकवायला लागले आहेत. इंडियन नर्सिंग कौन्सिलने बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला आणि २०२१-२२ पासून तो लागू झाला. त्यात दुसऱ्या सेमिस्टरला आरोग्य माहितीशास्त्र आणि तंत्रज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. म्हणजे नव्या पिढीची सुरुवात तरी झाली.

पण आज वॉर्ड सांभाळणाऱ्या हजारो अधिपरिचारिका आणि परिसेविका त्याआधीच शिकून बाहेर पडल्यात. त्यांच्यातल्या अनेकींना पेशंटकडे नुसतं बघून त्याची तब्येत कळते, ते कुठल्याही कोर्सने मिळत नाही. त्यांना हवाय फक्त सराव, आणि 'मॅडम, एवढं साधं बटण कळत नाही का' असं न म्हणणारा शिकवणारा.

मग अडतं कुठे?

वेळेवर. एक टेलि-सल्ला नीट करायचा तर पेशंटला तयार करणं, आकडे घेणं, कॉल, औषधं समजावणं आणि नोंद, असं सगळं येतं. डॉक्टरांचा वेळ वाचतो, पण त्यातला बराचसा वेळ नर्सकडे सरकतो. तिच्याकडे सलाइन, इंजेक्शन, ड्रेसिंग आणि रजिस्टर आधीच आहेत. टेलिहेल्थ हे जास्तीचं काम म्हणून दिलं आणि माणसं तेवढीच ठेवली, तर ती कॉल उरकते. आणि उरकलेल्या कॉलमध्ये सर्वात आधी गळतो तो श्वास मोजायचा एक मिनिट.

दुसरी अडचण मोजण्याची. महिन्याला किती कॉल झाले हे सहज मोजता येतं, म्हणून तेच विचारलं जातं. किती कॉलमध्ये आकडे बरोबर होते, किती पेशंटना औषधं समजली, किती गंभीर पेशंट वेळेत पुढे पाठवले, हे विचारलं की ट्रेनिंगची किंमत दिसायला लागते.

ट्रेनिंगही ड्युटीच्या वेळेत व्हायला हवं. रात्रपाळी करून आलेल्या नर्सला सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपला बोलावलं, तर ती झोपणार, आणि ते रास्तच आहे.

तुम्ही पेशंट किंवा नातेवाईक असाल तर?

• सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा. 'पांढरी गोळी' म्हटल्यावर कुणालाच काही कळत नाही.

• बीपी घ्यायच्या आधी सिस्टर पाच मिनिटं बसायला सांगत असतील तर बसा. त्या वेळकाढूपणा करत नाहीयेत.

• पेशंटला स्वतः बोलू द्या. पण तो घरी जे सांगतो ते इथे लपवत असेल, तर सिस्टरांना बाजूला घेऊन सांगा.

• खासगी बोलायचं असेल तर पडदा किंवा वेगळी जागा मागा. तो तुमचा हक्क आहे.

• निघण्याआधी औषधं कशी घ्यायची ते स्वतःच्या तोंडाने सिस्टरांना सांगून दाखवा. आणि काय झालं तर लगेच परत यायचं, हेही विचारून घ्या.

• छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, दम कोंडणं, शुद्ध हरपणं यात व्हिडिओ कॉलची वाट पाहू नका. महाराष्ट्रात थेट १०८ लावा.

थोडक्यात सांगायचं तर

टॅबलेट एका दिवसात विकत घेता येतो. त्याच्यामागे उभी राहून, पेशंट 'बरं हाय की' म्हणत असताना 'सर, हे बरं नाही' असं सांगणारी नर्स घडायला वेळ लागतो. टेलिहेल्थच्या बजेटमध्ये मशीनसाठी रक्कम असते. पुढच्या वेळी तुमच्या गावात असं केंद्र सुरू झाल्याचा फोटो दिसला, तर कॉमेंटमध्ये एकच प्रश्न विचारा: सिस्टरांच्या ट्रेनिंगला किती दिवस दिले?